यंत्रांची बोलाचाल

एकेरी लोहमार्गावरील लहानशा स्टेशनावर ज्यांनीं पॅसेंजर गाडी थांबलेली पाहिली असेल, त्यांना तेथील एक दृश्य खास आठवत असेल. स्टेशनमास्तर आपल्या खोलींतून बाहेर येतात. बरोबरच्या माणसाच्या हातीं मोठ्या कड्याला अडकविलेली चामड्याची पिशवी असते. ती पिशवी इंजिनाच्या ड्रायव्हरच्या हातीं पडली म्हणजे मगच गाडी हलते. पिशवींत असतो धातूचा एक गोळा. पुढच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग या गाडीपुरता राखून ठेविला आहे, याची तो गोळा म्हणजे हमी होय. दोन्ही स्टेशनांतील यंत्रें विजेच्या तारेनें अशीं जोडलेलीं असतात कीं, पलीकडच्या मास्तरनें मान्यता दिल्यावांचून गोळा बाहेर निघत नाहीं. आणि एकदां एक गोळा निघाला कीं तो पुन्हा कोठल्या तरी एका यंत्रांत पडेपर्यंत दुसरा गोळा दोहोंपैकीं कोठूनहि निघूं शकत नाहीं. भारतांतील एकेरी मार्गांवर नीलच्या गोळ्याचें हें यंत्र अनेक दशकें राबलें आहे.

या साध्या व्यवस्थेंत एक मोठें शास्त्र बीजरूपानें दडलेलें आहे. दोन माणसें एकमेकांपासून कांहीं मैलांवर बसलेलीं. एकाला दुसऱ्याचें तोंड दिसत नाहीं. दोघांनाहि एकच मार्ग वापरावयाचा. आणि चूक झाली तर समोरासमोर टक्कर. अशा वेळीं कोणीं बोलावें, केव्हां बोलावें, ऐकणाऱ्यानें ऐकल्याची खूण कशी द्यावी आणि बोलणें बिघडलें तर काय करावें, हें आधींच ठरलेलें असावें लागतें. अशा नियमावलीला इंग्रजींत प्रोटोकॉल म्हणतात. संभाषणाचे दंडक असें मराठींत म्हणावयास हरकत नाहीं. लोहमार्गावर या दंडकांना मिनिटांची सवड असते. गोळा मिळण्यास दोन मिनिटें उशीर झाला तर प्रवासी कुरकुरतात, एवढेंच. परंतु जेथें सवड सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते, तेथें बोलाचालीचे नियम कसे बसवावे? हा प्रश्न आज कोणाच्याहि घरापासून दूर राहिलेला नाहीं. दारांत उभ्या असलेल्या मोटारींतच तो सोडविलेला असतो.

पावसाळ्याच्या दिवसांत खंडाळ्याचा घाट उतरणारी एक मोटार डोळ्यांपुढें आणावी. वेग ताशीं ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. वळणावर एक चाक निसरड्या जागेवर येतें व घसरूं लागतें. ब्रेकांवर देखरेख करणारा एक छोटा संगणक तेथें असतो. त्याला चाकाच्या फिरण्यावरून हें ताबडतोब कळतें. तो त्या चाकाचा ब्रेक सांभाळूं लागतो. पण तेवढ्यानें भागत नाहीं. इंजिनानें आपला जोर कमी केला पाहिजे, आणि इंजिन तर दुसऱ्याच संगणकाच्या ताब्यांत. म्हणून पहिल्यानें दुसऱ्यास निरोप पाठवावयाचा: "जोर कमी कर." हा निरोप १० मिलिसेकंदांत पोंचला तर त्या अवधींत मोटार सुमारें १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर पुढें गेलेली असते. अर्ध्या सेकंदानें पोंचला तर ती ८ मीटर गेलेली असते, आणि घाटांतल्या वळणावर ८ मीटर म्हणजे काय, हें सांगावयास नकोच.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा यंत्ररचनांना इंग्रजींत रिअल-टाइम, म्हणजे वेळेशीं बांधलेल्या, असें म्हणतात. आणि पुष्कळांस वाटतें कीं वेळेशीं बांधलेली म्हणजे अतिशय वेगवान. तसें नाहीं. चुलीवर दूध ठेवलें आहे. ते उतूं जाण्यापूर्वीं कोणीं तरी विस्तव काढला पाहिजे. घरांतील चपळ मुलगा एरवीं क्षणांत धांवून येतो, पण कधीं कधीं खेळांत गुंगून येतच नाहीं. म्हातारी आजी सावकाश चालते, पण ठरल्या वेळीं चुलीपाशीं हटकून हजर असते. दुधाच्या दृष्टीनें आजीच बरी. सरासरी वेग किती, हा येथें प्रश्नच नसतो. वाईटांत वाईट परिस्थितींत जास्तींत जास्त किती विलंब होईल, आणि तो मुदतीच्या आंत आहे कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें असतें. मुदत टळल्यावर आलेलें बरोबर उत्तर हें चुकीचेंच उत्तर समजावयाचें.

पूर्वींच्या मोटारींत हा खटाटोप नव्हता, कारण तेथें संगणकच नव्हते. पुढें इंजिन, ब्रेक, गिअर, दिवे, खिडक्या अशा एकेका अंगाला स्वतःचें विजेचें नियंत्रण आलें, आणि प्रत्येकाला प्रत्येकाशीं जोडणाऱ्या तारांचें जाळें फुगूं लागलें. दहा यंत्रांना परस्परांशीं एकेका स्वतंत्र तारेनें जोडावयाचें म्हटलें तर ४५ तारा लागतात. वीस यंत्रांना १९०. तांब्याचें वजन, किंमत आणि मुख्य म्हणजे सांध्यांचे बिघाड यांनीं कारखानदार बेजार झाले. सर्वांना मिळून एकच तारेची जोडी द्यावी आणि सर्वांनीं तिच्यावरच बोलावें, ही कल्पना मग सहज सुचण्यासारखी होती. अडचण एवढीच कीं एका तारेवर दोघे एकदम बोलूं लागले तर काय?

या प्रश्नाचें एक उत्तर त्या वेळीं उपलब्ध होतें. हवाई बेटांतील विद्यापीठांत नॉर्मन अब्राम्सन यांनीं १९७१ च्या सुमारास बेटाबेटांवरील यंत्रांना रेडिओनें जोडणारी अलोहा ही योजना चालू केली. तिच्यापासून स्फूर्ति घेऊन अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनीं १९७३ पासून इथरनेट उभारलें. त्याचा मूळचा नियम असा: बोलण्यापूर्वीं तार मोकळी आहे काय तें ऐकावें; मोकळी असल्यास बोलावें; दोघे एकदम बोलले व शब्दांची टक्कर झाली तर दोघांनींहि थांबावें आणि प्रत्येकानें दैवयोगानें निघेल तितका वेळ वाट पाहून पुन्हा यत्न करावा. पुन्हा टक्कर झाली तर वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट करावी. सोळा यत्न फसले तर नाद सोडावा. कचेरींतील कागदपत्रें पाठविण्यास ही रीत उत्तम ठरली आणि सगळ्या जगांत पसरली. परंतु ब्रेकच्या निरोपानें नाणें उडवून थांबावें, हें कोणाच्याहि मनाला पटणार नाहीं. बहुतेक वेळां तो लौकर पोंचेलहि. पण "बहुतेक वेळां" हा शब्द येथें उपयोगाचा नाहीं.

जर्मनींतील बॉश कंपनीच्या अभियंत्यांनीं १९८३ मध्यें या कामास हात घातला, आणि फेब्रुवारी १९८६ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें मोटार-अभियंत्यांच्या परिषदेंत आपली योजना मांडली. तिचें नांव कॅन. तिची पहिली विशेष गोष्ट अशी कीं येथें निरोपावर पत्ता नसतो. "इंजिनास सांगावें" असें कोणी लिहीत नाहीं. "चाकांचा वेग असा असा आहे" एवढेंच सर्वांच्या कानांवर घातलें जातें, आणि ज्याला त्या माहितीची गरज आहे तो ती उचलतो. जुन्या काळीं गांवांत दवंडी पिटत, तसाच हा प्रकार. त्यामुळें उद्यां मोटारींत एखादें नवें यंत्र बसविलें, तर जुन्या यंत्रांना त्याची वार्ताहि देण्याचें कारण पडत नाहीं. एका निरोपांत जास्तींत जास्त आठ बाइट माहिती मावते. कचेरीच्या हिशेबानें ही चिमूटभर वाटेल. परंतु चाकाचा वेग सांगावयास पुराण लागत नाहीं, आणि निरोप लहान असल्यानें तार लौकर मोकळी होते.

दुसरी विशेष गोष्ट म्हणजे भांडण मिटविण्याची तऱ्हा. ती इतकी सुंदर आहे कीं थोडें थांबून समजून घेण्यासारखी आहे. तारेवरून शून्य आणि एक असे दोनच अंक जातात, आणि त्यांतला शून्य हा जबरदस्त व एक हा नमणारा अशी विजेची रचना केलेली असते. एकानें शून्य आणि दुसऱ्यानें एक एकाच क्षणीं घातला तर तारेवर शून्यच दिसतो. प्रत्येक निरोपाच्या आरंभीं ११ अंकांचें त्याचें नांव असतें, आणि बोलणारें यंत्र बोलतां बोलतां तारेकडे कानहि देत असतें. आपण एक म्हटला आणि तारेवर शून्य ऐकूं आला, तर आपल्याहून मोठा कोणी बोलत आहे असें समजून तें तात्काळ गप्प बसतें.

समजा, तार मोकळी होतांच तीन यंत्रांनीं एकदम तोंड उघडलें. ब्रेकच्या निरोपाचें नांव ०००१० असें सुरू होतें, इंजिनाच्या निरोपाचें ०००११ असें, आणि खिडकीच्या कांचेच्या निरोपाचें ०१००० असें. पहिला अंक तिघांचाहि शून्य. कोणाला कांहीं कळत नाहीं. दुसरा अंक ब्रेक व इंजिन यांचा शून्य, खिडकीचा एक. खिडकीला तारेवर शून्य ऐकूं येतो. ती माघार घेते. तिसरा आणि चौथा अंक उरलेल्या दोघांचे सारखेच. पांचव्या अंकाला ब्रेक शून्य म्हणतो, इंजिन एक म्हणतें, इंजिन थांबतें. आणि गंमत अशी कीं ब्रेकला या झटापटीचा पत्ताहि नसतो! त्याचा निरोप पहिल्या अंकापासून अखंड चाललेला असतो. टक्कर झाली खरी, पण तींत कोणाचा शब्द फुकट गेला नाहीं कीं क्षणहि वांया गेला नाहीं. हरलेले दोघे तार मोकळी झाल्यावर पुन्हा उभे राहतात. नांवाचा आंकडा जितका लहान तितका मान मोठा, हा सरळ नियम; आणि कोणत्या निरोपास कोणता आंकडा द्यावयाचा हें मोटार बांधणाऱ्यानें आधींच कागदावर ठरवावयाचें.

या युक्तीची किंमतहि मोजावी लागते. तारेच्या दोन टोकांवरील यंत्रांनीं एकच अंक एकाच वेळीं ऐकला पाहिजे. म्हणजे एका अंकाच्या अवधींत विजेची लहर या टोकाहून त्या टोकास जाऊन परतली पाहिजे, आणि शिवाय यंत्रांचा आपला विलंब त्यांत सामावला पाहिजे. सेकंदाला दहा लक्ष अंक पाठवावयाचे तर एका अंकाला एक मायक्रोसेकंद मिळतो, आणि मग तार सुमारें ४० मीटरांहून लांब ठेवतां येत नाहीं. मोटारीला ४० मीटर पुरून उरतात. मुंबईहून पुण्यास बोलावयाचें असतें तर ही युक्ति कामास आली नसती.

आतां मुदतीचा प्रश्न. सर्वांत मानाचा निरोप असला तरी त्याला एक गोष्ट सोसावी लागते: ज्याचें बोलणें आधीं सुरू झालें त्याला मध्येंच तोडतां येत नाहीं. कॅनच्या एका भरगच्च निरोपाला, सगळा लवाजमा धरून, जास्तींत जास्त १३५ अंक लागतात. सेकंदाला पांच लक्ष अंकांच्या तारेवर त्याचे २७० मायक्रोसेकंद होतात. म्हणजे पहिल्या मानाच्या निरोपाला वाईटांत वाईट २७० मायक्रोसेकंद थांबणें आणि २७० बोलणें. दुसऱ्या मानाच्या निरोपाला त्याच्या खालचा एक व वरचा एक, दोघांचें बोलणें संपेपर्यंत थांबावें लागेल, मग त्याचें स्वतःचें बोलणें, एकूण ८१०. असें खालीं खालीं जावें तसा हिशेब किचकट होतो, कारण वरचे निरोप पुन्हा पुन्हा येत असतात. तरीहि हा हिशेब मांडतां येतो, आणि तेंच या योजनेचें खरें सामर्थ्य. इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठाच्या केन टिंडेल, ॲलन बर्न्स प्रभृति संशोधकांनीं १९९४ च्या सुमारास तो मांडला. मोटारींच्या कारखान्यांना त्यामुळें मोठाच आधार मिळाला; त्यावर आधारलेलीं हिशेबाचीं साधनें तयार झालीं आणि खरोखरीच्या मोटारींसाठीं वापरलींहि गेलीं.

पुढें जें घडलें तें या विषयांतील सर्वांत शिकण्यासारखें प्रकरण आहे. २००७ मध्यें रॉबर्ट डेव्हिस, ॲलन बर्न्स, राइंडर ब्रिल आणि योहान लुक्कीन यांनीं एक लेख प्रसिद्ध करून दाखवून दिलें कीं तेरा वर्षें प्रमाण मानलेल्या त्या हिशेबांत चूक होती. लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं मूळ हिशेब मांडणाऱ्यांपैकीं बर्न्स हे स्वतःच चूक दाखविणाऱ्यांत होते. विद्येच्या क्षेत्रांत हें जितकें घडावयास पाहिजे तितकें घडत नाहीं.

चूक कोठें होती? एका चाळींत एकच टेलिफोन आहे अशी कल्पना करावी. डॉक्टरांना दर पांच मिनिटांनीं, दुकानदाराला दर सात मिनिटांनीं आणि तिसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थाला दर सात मिनिटांनीं तो हवा असतो. प्रत्येकाचें बोलणें दोन मिनिटांचें. मान या क्रमानें. पण हातांत घेतलेला टेलिफोन कोणी हिसकावून घ्यावयाचा नाहीं. तिघेहि एकाच क्षणीं आले तर गृहस्थाचें काय होईल? डॉक्टर दुसऱ्या मिनिटास मोकळे होतात, दुकानदार चौथ्यास, गृहस्थ सहाव्यास. सहा मिनिटें लागलीं. तिघे एकदम आले याहून वाईट प्रसंग तो कोणता, असें जुन्या हिशेबाचें म्हणणें होतें. आणि सहा हा त्याचा निकाल. परंतु तेथेंच न थांबतां पुढें पाहावें. पांचव्या मिनिटाला डॉक्टर पुन्हा आलेले असतात. गृहस्थ बोलत असल्यामुळें त्यांना सहापर्यंत तिष्ठावें लागतें. ते सहा ते आठ बोलतात. सातव्या मिनिटाला दुकानदार व गृहस्थ पुन्हा हजर. दुकानदार आठ ते दहा बोलतो. नेमक्या दहाव्या मिनिटाला डॉक्टरांची तिसरी पाळी येते, आणि ते दहा ते बारा बोलतात. गृहस्थाला टेलिफोन मिळतो बाराव्या मिनिटाला, आणि त्याचें बोलणें संपतें चौदाव्याला. तो आला होता सातव्याला. म्हणजे या खेपेस त्याला सात मिनिटें लागलीं! आपल्याच पहिल्या बोलण्यानें त्यानें डॉक्टरांना मागें ढकललें, आणि तो विलंब फिरून त्याच्याच दुसऱ्या पाळीवर येऊन आदळला. त्याची मुदत साडेसहा मिनिटांची असती तर जुन्या हिशेबानें तो निर्धास्त ठरला असता, आणि प्रत्यक्षांत मुदत चुकली असती.

सगळे हिशेब चुकले होते असें मात्र नव्हे. तार अगदीं काठोकाठ भरलेली असेल तेव्हांच ही चूक डोकें वर काढते. पुरेशी सवड ठेवून बांधलेल्या मोटारींना तिचा उपद्रव पोंचण्याचा संभव थोडा. पण ज्या हिशेबाच्या भरंवशावर ब्रेकचा निरोप सोडला, तो तेरा वर्षें कोणाच्या नजरेस न येतां थोडा आशावादी राहिला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे खरी. दुरुस्त केलेला हिशेब त्याच लेखांत दिलेला आहे, आणि तोच आतां वापरला जातो.

निरोप वेळेवर पोंचला तरी तो जसाच्या तसा पोंचला पाहिजे. मोटारीच्या पोटांत ठिणग्या उडत असतात आणि त्यांचे पडसाद तारेवर उमटतात. यासाठीं निरोपाच्या शेवटीं १५ अंकांचा एक ताळा जोडलेला असतो. जुन्या पंतोजींच्या शाळेंत गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहात, त्याच जातीची पण त्याहून किती तरी काटेकोर अशी ही पडताळणी आहे. ऐकणाऱ्या कोणत्याहि यंत्राला ताळा जुळत नाहीं असें आढळलें, तर तें सहा शून्यें एकामागून एक तारेवर आदळतें. एरवीं सारखे अंक पांचाहून अधिक सलग येऊंच द्यावयाचे नाहींत, मध्यें एक उलटा अंक घुसवावयाचा, असा नियम असल्यानें सहा शून्यें म्हणजे सर्वांना आरोळी: "हा निरोप रद्द!" मग सगळेच तो टाकून देतात आणि पाठविणारा तो पुन्हा पाठवितो. एकानें खरें मानावें व दुसऱ्यानें खोटें, असा घोटाळा बहुधा होत नाहीं.

परंतु आरोळी ठोकणाऱ्याचाच कान बिघडलेला असेल तर? तो प्रत्येक चांगला निरोप रद्द करीत सुटेल. त्याचीहि तजवीज आहे. प्रत्येक यंत्र आपल्याच चुकांची वही ठेवतें. बोलतांना चूक झाली कीं आठ गुण वाढवावयाचे. निरोप नीट गेला कीं एक वजा करावयाचा. ऐकतांना सर्वांआधीं आपणच आरोळी ठोकली, तर दोष बहुधा आपल्याच कानाचा, म्हणून तेथेंहि दंड आहे. बेरीज १२७ च्या वर गेली कीं दुसऱ्याचें बोलणें मोडण्याचा अधिकार संपला. बोलण्याच्या चुकांची बेरीज २५५ च्या वर गेली कीं यंत्रानें आपण होऊन तारेपासून दूर व्हावयाचें. एकसारखे ३२ निरोप फसले तर हा प्रसंग येतो. चूक करण्याचा दंड आठ आणि सुधारण्याचें बक्षीस एक, हें प्रमाण कडक वाटेल. पण शंभर निरोपांत दहा-बारा बिघडविणारा सोबती अशा कामांत कोणालाहि नको असतो.

तरी एक दोष या वहीच्या आवांक्याबाहेर राहतो. यंत्राचा कान शाबूत, जीभ शाबूत, पण डोकें फिरलेलें: तें सर्वांत मानाचा निरोप विनाकारण, अव्याहत, व्याकरणशुद्ध बडबडत राहतें. त्याच्या निरोपांत कांहींच चूक नसल्यानें वहींत कांहींच जमा होत नाहीं. आणि त्याच्या खालचा कोणीहि तोंड उघडूं शकत नाहीं. शास्त्रज्ञांनीं याला बडबड्या मूर्ख असें नांव दिलें आहे.

हा मूर्ख ज्यांना फार खुपला त्यांत व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक हेर्मान कोपेट्झ हे प्रमुख होत. त्यांचा मार्ग निराळा होता. ज्याला कांहीं सांगावयाचें असेल त्यानें सांगावें, ही पद्धतच त्यांनीं सोडून दिली. त्याऐवजीं उपनगरी गाड्यांसारखें वेळापत्रक करावें: अमुक मिलिसेकंदाला ब्रेक बोलेल, अमुकाला सुकाणूं, अमुकाला इंजिन. बोलण्यासारखें कांहीं नसलें तरी आपल्या वेळेस "ठीक आहे" एवढें तरी म्हणावयाचें. यांत दुहेरी लाभ आहे. विलंब किती होईल याचा हिशेब करण्याचें कारणच उरत नाहीं. तो वेळापत्रकांतच लिहिलेला असतो. आणि एखादें यंत्र मेलें तर त्याच्या वेळेस तारेवर शांतता पसरते व सर्वांना तें तत्क्षणीं समजतें. कॅनमध्यें शांततेचा अर्थ लावणें कठीण: सांगावयास कांहीं नाहीं म्हणून गप्प, कीं मेला म्हणून गप्प? बडबड्या मूर्खासाठीं प्रत्येकाच्या तोंडापुढें एक पहारेकरी बसविलेला असतो. नेमलेली वेळ नसेल तेव्हां तो तोंड उघडूंच देत नाहीं.

मात्र वेळापत्रक पाळावयाचें तर सर्वांचीं घड्याळें एक पाहिजेत. साध्या स्फटिकाचें घड्याळ लाखांत दहा भाग पुढेंमागें चालतें असें धरलें, तर दिवसाकाठीं साडेआठ सेकंदांहून अधिक फरक पडतो. मनगटावरच्या घड्याळाला हें चालतें. पण एक घड्याळ पुढें व दुसरें मागें धांवत असेल तर एका सेकंदांतच दोघांत २०० मायक्रोसेकंदांचें अंतर पडतें, आणि तेवढ्यांत एकाची पाळी दुसऱ्याच्या पाळींत घुसते. म्हणून हीं यंत्रें सतत घड्याळें जुळवीत असतात. कोणाच्या घड्याळाशीं? एकालाच प्रमाण मानावें तर तेंच बिघडलें कीं सगळा कारभार बुडाला. यासाठीं दुसऱ्यांचे निरोप ठरल्या वेळेच्या किती आधीं वा नंतर आले तें प्रत्येकानें पाहावें, त्यांतला सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा फरक सोडून द्यावा, आणि उरलेल्यांची सरासरी घेऊन आपलें घड्याळ सरकवावें. पण घड्याळ खोटें बोलणारें असेल, म्हणजे एकाला पुढची आणि दुसऱ्याला मागची वेळ दाखवीत असेल, तर? लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीस यांनीं १९८२ मध्यें अशा दुटप्पी सोबत्याचा प्रश्न शहराला वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या रूपानें मांडला. त्यांत एक फितूर असेल तर तिघांत एकमत होण्याची हमी देतां येत नाहीं. निदान चौघे पाहिजेत. घड्याळांसहि हाच नियम लागू पडतो.

या विचारसरणीवर मोटार-कारखान्यांच्या एका मंडळानें २००० पासून फ्लेक्सरे नांवाची योजना रचली, आणि २००६ मध्यें बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या एका मोटारींत ती प्रथम रस्त्यावर आली. तींत वेळेचा एक भाग वेळापत्रकाप्रमाणें आणि उरलेला भाग गरजेप्रमाणें बोलण्यासाठीं राखलेला असतो. ज्या इथरनेटला वेळेच्या कामांतून प्रथम बाहेर ठेवलें होतें, तेंहि दैवाची सोडत टाकून व शिस्त अंगीं बाणवून परत आलें आहे. २००७ मध्यें सेवेंत आलेल्या एअरबस ए३८० विमानांत तें होतें, आणि अमेरिकेच्या ओरायन अंतराळयानांत वेळापत्रकानें चालणारें इथरनेट आहे. वेळापत्रक श्रेष्ठ कीं मानपान श्रेष्ठ, हा वाद या क्षेत्रांत पुष्कळ रंगला. वेळापत्रकाची शिस्त निर्विवाद मोठी. पण पुढें एक गाडी वाढवावयाची झाली तर सगळें पत्रक पुन्हा मांडावें लागतें, आणि सामान्य मोटारीच्या कारखान्याला तें परवडत नाहीं. स्वस्त, सुटसुटीत कॅन त्यामुळेंच टिकून राहिलें. २०१२ मध्यें निघालेल्या त्याच्या नव्या आवृत्तींत एका निरोपांत आठांऐवजीं ६४ बाइट मावूं लागले.

कॅनच्या एका उणिवेकडे मात्र ती योजना रचली गेली तेव्हां कोणाचें लक्ष जाण्याचें कारण नव्हतें. निरोपावर पत्ता नसतो तशी सहीहि नसते. बॉनेटच्या आंत बसलेले सगळे सोबती प्रामाणिकच असणार, त्यांचा कान बिघडेल, पण मन बिघडणार नाहीं, असें गृहीत धरलें होतें. आणि १९८६ मध्यें तें बरोबरच होतें. नंतर मोटारींत गाणीं वाजविणारें, नकाशा दाखविणारें आणि मोबाइलच्या जाळ्याशीं जोडलेलें यंत्र आलें, आणि तेंहि त्याच घरांत येऊन बसलें. २०१५ मध्यें चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या अमेरिकन संशोधकांनीं दूर घरीं बसून, त्या यंत्राच्या वाटेनें, हमरस्त्यावर चाललेल्या एका जीप गाडीच्या तारांवर आपले निरोप घातले आणि तिची चाल मंदावून दाखविली. गाडी चालविणारा पत्रकार या प्रयोगांत सामील होता, तरी जोर गेल्यावर मागून भरधांव वाहनें येत असलेल्या रस्त्यावर तो भांबावून गेला. कंपनीनें त्यानंतर सुमारें १४ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. बाहेरच्या जगाशीं बोलणारीं यंत्रें आणि ब्रेक-इंजिनाच्या तारा यांच्यामध्यें दरवान बसविणें व महत्त्वाच्या निरोपांवर गुप्त खूण उमटविणें, हीं कामें तेव्हांपासून अधिक निकडीनें चाललीं आहेत. खुणेलाहि अंक लागतात, आणि आठ बाइटांच्या जागेंत ते बसविणें अवघड; नवी आवृत्ति कारखान्यांना हवीशी वाटण्याचें हेंहि एक कारण आहे.

गॅरेजमध्यें मोटार नेली कीं कारागीर सुकाणूच्या खालीं हात घालून एका खांचेंत आपलें लहानसें उपकरण बसवितो आणि पडद्यावरचे आंकडे वाचूं लागतो. तेथून त्या तारांपर्यंत पोंचतां येतें. जुन्या गाड्यांत थेट, नव्यांत बहुधा दरवानाच्या परवानगीनें. गाडी उभी आहे, इंजिन नुसतें गुरगुरत आहे, आणि तारेवर सेकंदाला शेंकडों निरोप जात आहेत: चाकांचा वेग शून्य, पाण्याची उष्णता इतकी, ब्रेक मोकळा. कोणी खिडकीचें बटण दाबतें. तो निरोप दुसऱ्या अंकाला माघार घेतो, क्षणभर थांबतो, आणि कांच खालीं येते.